येशू ख्रिस्त माणूस म्हणून: लग्न, भावंडं, मधली अठरा वर्षं... इतिहासाला नक्की काय माहितीये?

शंकेखोर:

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, धर्मांतर, मिशनरी, कोणाचा देव मोठा यावर हा धागा नाहीये, त्यासाठी दुसरे धागे आहेत आणि त्यांचं पुढे काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. मला निव्वळ उत्सुकता आहे. यूट्यूबवर एक व्हिडिओ बघितला, त्यात छातीठोकपणे सांगितलं की येशू नावाचा माणूस झालाच नाही, सगळी रोमन लोकांनी रचलेली कथा. तो संपतो न संपतो तोच खाली दुसरा, की तो क्रूसावरून वाचला आणि काश्मीरला येऊन राहिला. तिसऱ्यात त्याचं लग्न झालेलं आणि पोरंबाळं पण. म्हणजे माणूस झालाच नाही इथपासून ते संसार करून म्हातारा होऊन वारला इथपर्यंत सगळं अर्ध्या तासात आटोपलं!

तर प्रश्न, जसे सुचतायत तसे लिहितो. बायबल सोडून त्याच्याबद्दल कुठे काही लिहिलेलं आहे का? इसवी सन त्याच्या जन्मापासून मोजतात तर मग 'येशूचा जन्म इसवी सन पूर्व ४' असं कसं छापतात, हे म्हणजे काहीतरीच. त्याला सख्खे भाऊबहीण होते का? लग्न? बारा ते तीस वयात होता कुठे? आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःला नवीन धर्म काढायचा होता का? श्रद्धेने उत्तर दिलंत तरी हरकत नाही, फक्त इतिहास कुठे संपतो तेवढं सांगा म्हणजे झालं.

जुनी_पोथी:

प्रश्न चांगले आहेत, क्रम मात्र माझा.

सनाचं आधी, कारण ते सोपं. इसवी सन येशूच्या काळात कोणी मोजत नव्हतं. ५२५ साली रोममध्ये डायोनिसियस एक्झिगस नावाच्या एका मठवासी साधूने ईस्टरच्या तारखांचं कोष्टक करताना ही मोजणी आणली आणि त्याचा हिशोब काही वर्षांनी हुकला. बायबलमध्ये येशूची चार चरित्रं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाची. त्यातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत आहे, आणि हेरोद इसपू ४ मध्ये वारला असं बहुतेक इतिहासकार धरतात. म्हणजे जन्म त्याच्या आधी, इसपू ६ ते ४ असं काहीतरी. आता लूक काय म्हणतो, तर त्या वेळी क्विरिनियस सीरियाचा सुभेदार होता आणि शिरगणती चालू होती. पण क्विरिनियसची शिरगणती झाली इस ६ मध्ये, म्हणजे दोघांत जवळजवळ दहा वर्षांची तफावत. ही जुळवायचे शेकडो वर्षं प्रयत्न झालेत, मला एकही पटलेला नाही. अभ्यासक बहुतेक हेरोदाच्या बाजूने जातात. २५ डिसेंबर तर बायबलमध्ये नाहीच, ती तारीख चौथ्या शतकात रोममध्ये दिसायला लागते.

आता बायबलबाहेरचे उल्लेख. दोन महत्त्वाचे. एक टॅसिटस, रोमन इतिहासकार, इस ११६ च्या आसपास लिहितोय. इस ६४ मध्ये रोमला आग लागली आणि नीरोने ती ख्रिस्ती लोकांवर ढकलली, तो प्रसंग सांगताना तो म्हणतो की ज्याच्यावरून यांना हे नाव पडलं तो ख्रिस्त सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने मारला गेला. टॅसिटसला हे लोक अजिबात आवडत नाहीत, घातक अंधश्रद्धा म्हणतो तो, त्यामुळे कोणी भक्ताने मागून घुसडलं असेल असं वाटत नाही. दुसरा जोसेफस, यहुदी इतिहासकार, इस ९३-९४ च्या सुमाराचा त्याचा यहुद्यांचा मोठा इतिहास आहे, त्यात येशू दोनदा येतो.

तर्कटराव:

थांबा थांबा पोथीसाहेब, अर्धीच गोष्ट सांगताय. जोसेफसमधला तो पहिला उतारा, 'हा ख्रिस्त होता, तिसऱ्या दिवशी जिवंत होऊन दिसला' वगैरे (ख्रिस्त म्हणजे मसीहा, यहुदी ज्याची वाट बघत होते तो), तो नंतरच्या ख्रिस्ती नकलाकारांनी फिरवलाय हे तुमचे अभ्यासकच सांगतात ना? जोसेफस शेवटपर्यंत यहुदी होता, तो असं लिहील कशाला. आणि टॅसिटस लिहितोय ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी, त्याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांकडूनच ऐकलं नसेल कशावरून? येशू जिवंत असताना कोणा एकाने, एकाने तरी, दोन ओळी लिहून ठेवल्यात का? कोर्टाचं रेकॉर्ड, पत्र, शिलालेख, काही? शून्य. एवढे आजार बरे केले, पाण्यावरून चालला, आणि एकाही रोमन अधिकाऱ्याने नोंद केली नाही. मी तो झाला नाही असं म्हणत नाही, पण झालाच असंही डोळे मिटून म्हणणार नाही.

जुनी_पोथी:

तर्कटराव, जोसेफसच्या पहिल्या उताऱ्यात हात फिरलाय हे बरोबरच. वाद एवढाच आहे की सगळा उतारा खोटा की आतली काही वाक्यं नंतरची. तिसऱ्या शतकातला ओरिजेन हा ख्रिस्ती लेखक स्पष्ट लिहून गेलाय की जोसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता, म्हणजे ओरिजेनच्या प्रतीत ते वाक्य नसावं. पण तो उतारा पूर्ण फेकून दिलात तरी माझं काही अडत नाही, कारण मी दुसऱ्यावर उभा आहे.

दुसरा उतारा कसा आहे बघा. इस ६२. यहुदियाचा, म्हणजे यरुशलेम (जेरुसलेम) ज्या प्रांतात येतं त्याचा, रोमन सुभेदार वारलाय, नवीन अजून वाटेत आहे. ही संधी साधून हन्नान नावाचा प्रमुख याजक काही लोकांना घाईघाईने सभेपुढे उभं करतो आणि दगडमार करवतो. त्यात एक याकोब. आता याकोब नावाचे ढीगभर लोक, मग हा कुठला? तर जोसेफस जाता जाता सांगतो, 'ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ'. बास. कौतुक नाही, चमत्कार नाही, येशूवर बोलायचं पण नाहीये त्याला, त्याला हन्नानाची नोकरी कशी गेली ते सांगायचंय. नंतर घुसडणारा माणूस इतकं कोरडं घुसडत नाही. आणि जोसेफस इस ३७ चा, यरुशलेमचाच, याजकाच्या घरातला. हे झालं तेव्हा पंचविशीत होता. त्याच्या गावात घडलेली गोष्ट आहे ती.

आता हाच याकोब पौलाच्या पत्रात येतो (पौल म्हणजे येशूनंतर त्याचा प्रचार करत फिरलेला यहुदी). गलतीकरांस पत्र, पहिला अध्याय, इस ५० च्या दशकातलं. पौल सांगतोय की मी यरुशलेमला जाऊन येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पंधरा दिवस राहिलो, बाकी प्रेषितांपैकी कोणी भेटलं नाही, फक्त प्रभूचा भाऊ याकोब भेटला. आणि हे तो भांडणात सांगतोय! त्याला सिद्ध करायचंय की मी यरुशलेमच्या लोकांकडून काही शिकलेलो नाही, म्हणून भेटी कमीत कमी दाखवतोय, आणि तरी याकोबाचं नाव त्याला घ्यावं लागतंय. ज्याच्या भावाला एक माणूस भेटून आलाय आणि ज्याच्या भावाचा खून दुसऱ्या धर्माचा इतिहासकार नोंदवतोय, तो माणूस झालाच नाही म्हणायला मला तरी जड जातं.

राहिलं रोमन रेकॉर्ड. कुणाचं आहे? पिलात दहा वर्षं यहुदियाचा रोमन अधिकारी होता, इस २६ ते ३६. त्याच्या ऑफिसचा एक कागद उरलेला नाही. १९६१ मध्ये कैसरियाला खोदकामात एक दगड मिळाला त्यावर त्याचं नाव आणि हुद्दा कोरलेला, तोही मोडका, नंतरच्या कोणीतरी पायऱ्या करायला वापरलेला. सुभेदाराची ही कथा, तर गालीलच्या खेड्यातल्या सुताराचं कोण लिहून ठेवतंय.

तर्कटराव:

याकोबाचा मुद्दा चांगला आहे, मान्य. मात्र माणूस होता हे सिद्ध झालं म्हणून शुभवर्तमानातलं बाकी सगळं सिद्ध झालं असं कोणी घुसवू नका म्हणजे झालं. मार्क साधारण इस ७० चा, योहान ९०-१०० चा. चाळीस ते साठ-सत्तर वर्षांत तोंडोतोंडी गोष्टी किती फुगतात.

जुनी_पोथी:

फुगतात. म्हणून तर अभ्यासक उलटं बघतात, की फुगवणाऱ्याला अडचणीची होईल अशी कुठली गोष्ट आत राहिलीये. बाप्तिस्म्याचं उदाहरण घ्या. बाप्तिस्मा करणारा योहान लोकांना पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा द्यायचा, आणि येशू त्याच्याकडे जाऊन बाप्तिस्मा घेतो. ख्रिस्ती लोकांना हे किती अवघड गेलं बघा: मार्क सरळ सांगून मोकळा होतो, मत्तयात योहान आधी नको नको म्हणतो, आणि योहानाच्या (हा वेगळा योहान) शुभवर्तमानात बाप्तिस्मा झाल्याचं वाक्यच नाही. म्हणजे ते घडलेलं होतं, लोकांना माहीत होतं, लपवता येत नव्हतं. क्रूसाचंही तेच. मसीहा येऊन राज्य करणार अशी अपेक्षा असताना आमच्या मसीहाला रोमन लोकांनी गुलामा-बंडखोराच्या मरणाने मारलं, हे कोण मुद्दाम रचेल?

मार्था_ताई:

मी विश्वासी आहे, उपासनेला नियमित जाणारी, तर ते धरून वाचा. शंकेखोर दादा, भावंडांचं मी सांगते कारण यावर आमच्यातच एकमत नाही :)

मार्कच्या ६ व्या अध्यायात येशू आपल्या गावी नासरेथला येतो, सभास्थानात शिकवतो आणि गाववाले म्हणतात, हा तो सुतारच ना, मरीयेचा मुलगा, याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन यांचा भाऊ, आणि याच्या बहिणी इथेच आहेत ना आपल्यात. चार भाऊ नावानिशी आणि बहिणी, म्हणजे एकीपेक्षा जास्त. आम्ही प्रॉटेस्टंट लोक सरळ अर्थ घेतो, मरीया आणि योसेफाला येशूनंतर झालेली मुलं. कॅथलिक मंडळी मरीयेला नित्य कुमारी मानतात म्हणून ते म्हणतात ही चुलत-मावस भावंडं, हे मत संत जेरोमने चौथ्या शतकात मांडलं. ऑर्थोडॉक्स परंपरेत ही योसेफाच्या पहिल्या बायकोची मुलं, म्हणजे सावत्र. तीन घरं, तीन उत्तरं.

पण मला त्याहून जास्त विचार करायला लावते ती मार्कच्याच ३ ऱ्या अध्यायातली गोष्ट. येशूभोवती एवढी गर्दी की जेवायला सवड नाही, आणि त्याच्या घरचे त्याला धरून न्यायला निघतात कारण त्यांना वाटतं याचं डोकं फिरलंय. मग आई आणि भाऊ बाहेर उभे राहून निरोप पाठवतात, तर तो आत बसलेल्यांकडे बघून म्हणतो हीच माझी आई, हेच माझे भाऊ. आमच्याकडे यावर प्रवचन होतं तेव्हा 'देवाचं कुटुंब मोठं आहे' एवढंच सांगतात, बाहेर उभ्या असलेल्या मरीयेला काय वाटलं असेल यावर कोणी बोलत नाही. योहानाचं शुभवर्तमान तर सांगतंच की त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते. आणि तोच याकोब पुढे यरुशलेमच्या ख्रिस्ती मंडळीचा पुढारी होतो. मधे काय झालं? पौल करिंथकरांना लिहितो की पुनरुत्थानानंतर येशू याकोबाला दिसला. माझ्यासाठी ते उत्तर पुरेसं आहे, तुमच्यासाठी नसेल.

शंकेखोर:

मार्थाताई हे घरच्यांचं मला अजिबात माहीत नव्हतं, मस्त. योसेफ कुठे गेला पण या सगळ्यात? आणि लग्नाचं कोणीच बोलत नाहीये :)

मार्था_ताई:

येशू बारा वर्षांचा असताना ते यरुशलेमच्या मंदिरात जातात, त्या प्रसंगानंतर योसेफ दिसतच नाही. बहुतेक तोपर्यंत वारला असावा असं समजतात, पण लिहिलेलं कुठे नाही.

वाचनवेडी:

लग्नावर मी! हा माझा आवडता विषय, कारण यावर जेवढी बनवाबनवी झालीये तेवढी कशावरच नसेल.

सरळ उत्तर: चारही शुभवर्तमानांत बायकोचा उल्लेख नाही, आणि 'लग्न झालेलं नव्हतं' असंही कुठे लिहिलेलं नाही. आता काही जण म्हणतात की यहुदी पुरुष तिशीपर्यंत बिनलग्नाचा राहणं अशक्यच, म्हणजे झालंच असणार. तसं नाहीये. बाप्तिस्मा करणारा योहान बायकोबरोबर दिसत नाही, पौल स्वतः लिहितो मी एकटा आहे, आणि इसेनी नावाच्या यहुदी पंथातले बरेच लोक लग्न करत नव्हते असं जोसेफसच सांगतो. अंत जवळ आलाय असं वाटणाऱ्या मंडळींत हे चालायचं.

मला सगळ्यात पटलेला मुद्दा पौलाचाच आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ९ व्या अध्यायात तो वैतागून म्हणतो, बाकीचे प्रेषित, प्रभूचे भाऊ आणि पेत्र बायकोला बरोबर घेऊन फिरतात, मग मला तो हक्क नाही का? (पेत्राची सासू तापाने आजारी असते तोही प्रसंग आहे, म्हणजे पेत्राचं लग्न पक्कं.) आता येशूचीच बायको असती तर पौलाने पेत्राचं उदाहरण कशाला दिलं असतं, थेट मालकाचंच नाव घेतलं असतं. गप्प बसण्यावरून काढलेला निष्कर्ष आहे, पुरावा नाही, पण गप्प बसायला जागाच नव्हती तिथे तो गप्प आहे.

मग मग्दालिया मरीया, जिला येशूची बायको ठरवतात ती. बिचारीचं काय काय केलं लोकांनी. नव्या करारात ती वेश्या आहे असं कुठेही नाही, एक अक्षर नाही. ५९१ साली पोप ग्रेगरीने एका प्रवचनात तीन वेगळ्या बायका एकत्र करून टाकल्या, लूकमधली ती पापी बाई, बेथानीची मरीया आणि ही, आणि पुढची चौदाशे वर्षं चित्रकारांनी तिला मोकळ्या केसांनी रडवलं. लूक ८ मध्ये तिची खरी ओळख आहे: ती, हेरोद अंतिपाचा (जुन्या हेरोद राजाच्या मुलाचा) कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि अशा बऱ्याच बायका स्वतःच्या पैशाने येशू आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या. यावर कोणी व्हिडिओ करत नाही! बारा-तेरा पुरुष काम सोडून गावोगाव हिंडतायत तर जेवतायत कुठून हा प्रश्न कोणाला पडतच नाही, आणि त्याचं उत्तर तिथे लिहिलेलं आहे. त्यात राजाच्या कारभाऱ्याची बायको, म्हणजे ज्या हेरोद अंतिपाने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं उडवलं त्याच्याच दरबारातला पैसा. मला तर यावर अख्खं पुस्तक वाचायला आवडेल.

ती येशूची 'सोबतीण' होती हे येतं फिलिप्पाच्या नावाच्या एका शुभवर्तमानात. ते इजिप्तमध्ये नाग हम्मादीला १९४५ मध्ये सापडलेल्या ग्रंथांतलं, पण लिहिलेलं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं, ज्ञानवादी लोकांचं (गूढ ज्ञानाने मुक्ती मिळते मानणाऱ्यांचं), त्यात सगळंच रूपकात चालतं. आणि २०१२ चा तो पपायरसचा तुकडा आठवतोय का, 'येशू त्यांना म्हणाला, माझी बायको...' असं वाक्य असलेला? जगभर बातम्या झाल्या. तो हार्वर्डच्या ज्या प्राध्यापिकेने जाहीर केला होता त्या कॅरेन किंग यांनीच २०१६ मध्ये सांगितलं की तो बनावट असण्याचीच शक्यता जास्त. ही बातमी मात्र कोणी फॉरवर्ड केली नाही.

भटका_जोगी:

काश्मीरबद्दल पण लिहा की कोणीतरी. लडाखच्या हेमिस मठात पोथ्या आहेत, येशू बारा ते तीस वर्षं भारतात होता, बुद्धांचं तत्त्वज्ञान शिकला. आणि श्रीनगरला रोझाबल म्हणून कबर आहे, ती त्याचीच. चर्चने हे दाबून ठेवलंय.

वाचनवेडी:

जोगीबुवा, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची मोट बांधतात. पहिली, तरुणपणी भारतात शिकला. ही १८९४ मध्ये निकोलस नोटोविच नावाच्या रशियन प्रवाशाने छापली, की हेमिसच्या लामांनी मला पोथी वाचून दाखवली. छापल्याबरोबर संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर यांनी शंका काढली, आणि पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजमधले डग्लस नावाचे प्राध्यापक स्वतः हेमिसला गेले आणि मुख्य लामांना विचारलं. त्यांनी सांगितलं अशी पोथी आमच्याकडे नाही. आजवर ती पोथी कोणी अभ्यासकांपुढे ठेवलेली नाही.

दुसरी, क्रूसावरून वाचून काश्मीरला आला आणि तिथे वारला. ही अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९९ च्या सुमाराला मांडली, रोझाबल त्यातली. तिथे पुरलेल्या माणसाचं नाव युझ आसफ. आणि युझ आसफची जी कथा आहे, राजपुत्र, बापाने महालात कोंडून ठेवलेला, मग वैराग्य, ती गौतम बुद्धाच्याच चरित्राची अरबी-फारसीतून फिरत आलेली आवृत्ती आहे. म्हणजे लोक येशूची कबर म्हणून ज्या नावापुढे उभे राहतायत ते नाव बुद्धाच्या गोष्टीतलं!

जुनी_पोथी:

याला पुस्ती. 'हरवलेली वर्षं' हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. जुन्या काळातल्या कुठल्या माणसाच्या विशीचा हिशोब आहे आपल्याकडे? मार्क तर जन्माबद्दलही एक शब्द बोलत नाही, थेट बाप्तिस्म्यापासून सुरू. वर मार्थाताईंनी दिलेलं ते गाववाल्यांचं वाक्य परत वाचा, हा सुतारच ना, याचे भाऊ, याच्या बहिणी. अठरा वर्षं परदेशात राहून आलेल्याला गाव असं बोलत नाही, इतकी वर्षं होतास कुठे विचारतं. त्यांचा त्रागा हाच आहे की काल-परवापर्यंत आमच्यात लाकूडकाम करणारा हा आज आम्हाला शिकवतोय.

आणि त्या वर्षांत त्याच्या आसपास काय चाललं होतं ते माहीत आहे की. नासरेथ म्हणजे काही शे लोकांचं गाव, जुन्या करारात नाव पण नाही. तिथून सहा-सात किलोमीटरवर सेप्फोरिस. हेरोद वारल्यावर तिथे बंड झालं, व्हारुस नावाच्या रोमन सुभेदाराने शहर जाळलं, लोक गुलाम केले आणि यरुशलेमच्या बाजूला जाऊन दोन हजार माणसं क्रूसावर चढवली, हे जोसेफस सांगतो. येशू तेव्हा तान्हा किंवा दोन-तीन वर्षांचा. मग हेरोद अंतिपाने ते शहर नव्याने बांधायला घेतलं, येशूची सगळी वाढ त्या बांधकामाच्या काळातली. तो आणि योसेफ तिथे कामाला जात असतील का? पुरावा नाही, पण सुतार-गवंड्याला सहा किलोमीटरवर एवढं काम निघालेलं असताना गेलेच नसतील हे मला खरं वाटत नाही. लहानपणापासून क्रूसाच्या गोष्टी ऐकत वाढलेला मुलगा तो. ही माहिती मला हेमिसच्या पोथीपेक्षा कितीतरी जास्त सांगते.

हाडवैद्य:

क्रूसाचा विषय निघालाच आहे तर एक. १९६८ मध्ये यरुशलेमच्या ईशान्येला गिवत हामिवतारला एक कबर उघडली, त्यात चुनखडीच्या अस्थिपेटीत येहोहानान नावाच्या तरुणाची हाडं, पहिल्या शतकातली. त्याच्या उजव्या टाचेच्या हाडातून साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा आरपार गेलेला, अजून तसाच. वरून नाही, टाचेच्या बाजूने ठोकलेला. टोक वळलंय, बहुधा लाकडातली गाठ लागली, म्हणूनच तो काढता आला नाही आणि हाडाबरोबर पुरला गेला. नाहीतर खिळे काढून घेत असणार. हजारो माणसं अशी मारली गेली आणि खिळ्यासकट हाड मिळालंय हाताच्या बोटावर मोजण्याइतकं.

याचा येशूशी संबंध एवढाच, की काही अभ्यासक म्हणतात क्रूसावर मेलेल्याला पुरू देतच नसत, कुत्री-गिधाडांना सोडत, म्हणून अरिमथाईच्या योसेफाने (हा वेगळा योसेफ) येशूचं प्रेत मागून घेतलं ही गोष्ट खोटी. येहोहानानला तर घरच्यांनी रीतसर पुरलेलं दिसतंय. म्हणजे निदान अशक्य नव्हतं.

वयाचं राहिलं वाटतं. लूक म्हणतो काम सुरू केलं तेव्हा सुमारे तीस वर्षांचा. मृत्यू शुक्रवारी, यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास, पिलाताच्या काळात, त्यावरून बहुतेक जण इस ३० किंवा ३३ धरतात. जन्म इसपू ५ धरला तर वय चौतीस ते सदतीस. ते 'तेहतीसाव्या वर्षी' जे म्हणतात तो तीस अधिक तीन असा हिशोब आहे, कारण योहानात तीन वल्हांडण सण येतात.

शंकेखोर:

वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटचा राहिला, नवीन धर्म काढायचा होता का?

जुनी_पोथी:

माझ्या मते नाही. जन्मला यहुदी, सुंता झालेली, शब्बाथला (यहुद्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) सभास्थानात जाणारा, सणाला यरुशलेमला जाणारा. परुश्यांशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी गटाशी) भांडतो तेही घरातलं भांडण, नियम पाळायचा की नाही यावर नाही, कसा पाळायचा यावर. बारा शिष्य निवडतो ते इस्राएलच्या बारा वंशांवरून. मार्कमध्ये त्याचं पहिलं वाक्यच देवाचं राज्य जवळ आलंय असं आहे, त्यात नव्या धर्माची घोषणा कुठेच नाही. त्याच्यानंतरही याकोब, पेत्र वगैरे मंदिरात प्रार्थनेला जातच होते.

फाटलं ते पुढे, आणि ते पण जेवणाच्या पंगतीवरून. यहुदी नसलेले लोक यायला लागले, त्यांनी सुंता करायची का, त्यांच्याबरोबर एका ताटाला बसायचं का. इस ४९ च्या आसपास यरुशलेमला यावर बैठक झाली. सीरियातल्या अंत्युखिया शहरात पेत्र त्यांच्याबरोबर जेवत होता, याकोबाकडून माणसं आल्यावर उठून बाजूला बसायला लागला, आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर झापलं. हे पौलानेच लिहून ठेवलंय. 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा त्याच अंत्युखियात पडलं. मग इस ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, यरुशलेमची जुनी मंडळी विखुरली आणि पौलाची बाजू वाढत गेली.

मार्था_ताई:

याला माझा अर्धा विरोध नोंदवून ठेवा. शेवटच्या भोजनात 'माझ्या रक्ताचा करार' म्हणणारा माणूस फक्त घरातली दुरुस्ती करत नव्हता, आणि ते वाक्य शुभवर्तमानं लिहिली जायच्या आधीच पौलाने नोंदवलंय. शिवाय पौलाने नवीन काढलं म्हणता तर पेत्राने आणि याकोबाने त्याला हात दिला ना मैत्रीचा, तेही गलतीकरांस पत्रातच आहे.

दादांनी विचारलं होतं इतिहास कुठे संपतो. तो वारला, पुरला, आणि काही वर्षांच्या आतच पेत्र, याकोब आणि बरेच जण सांगायला लागले की आम्ही त्याला जिवंत बघितलं, इथपर्यंत बहुतेक अभ्यासक येतात, नास्तिक पण. त्यांनी काय बघितलं हे तुम्हाला कुठलंही खोदकाम सांगणार नाही.

तर्कटराव:

मार्थाताई, प्रियजन गेल्यावर तो दिसणं हे जगभर होतं, त्याला पुनरुत्थान लागत नाही. पण तुमची रेघ जिथे आहे तिथेच माझीही आहे, पलीकडे आपण वेगळे.

शंकेखोर, वाचायचं असेल तर मार्क घ्या, सोळा अध्याय, दोन तासांत होतो. मग गलतीकरांस पत्र. ख्रिसमसच्या नाटकातलं गव्हाणी, मेंढपाळ, तारा हे सगळं डोक्यातून काढून वाचा, मार्कमध्ये त्यातलं काहीच नाही.

मार्था_ताई:

आणि मग योहान. तर्कटराव सांगणार नाहीत म्हणून मी सांगते.

शंकेखोर:

मार्क काढलाय. दुसऱ्याच पानावर पेत्राची सासू सापडली :)